स्वतः, एकट्याने

शेणव्याच्या अलीकडच्या वळणावर प्रमिलाचा उजवा हात मांडीवरून उठला आणि दोन सीटांच्या मधल्या गिअरच्या दांड्यावर जाऊन बसला. तिने तो नेला नव्हता. वळण संपत आलं, पुढचा चढ दिसला, इंजिनाचा आवाज किंचित जड झाला आणि हात आपला आपण गेला. दांडा भलताच बुटका होता, वर चामड्याची टोपी. हात तिथे पोचला आणि थबकला, कारण पुढे करायला काहीच नव्हतं.

"काकू, त्याला नका हात लावू," नम्रता घाईने म्हणाली. मग हसली. "ऑटोमॅटिक आहे ही. गिअर तिचे ती बदलते."

"हो गं. असंच गेला हात," प्रमिला म्हणाली आणि हात परत मांडीवरच्या पिशवीवर ठेवला. पिशवीत मंडळाची नियमवही होती. गाडीने चढ घेतला, आपला आपण गिअर बदलला, इतका हलका की पोटात कळलंसुद्धा नाही. डाव्या हाताला शेणव्याची घरं आली. प्रमिला उजवीकडे बघत राहिली. तिकडे कापणी झालेली खाचरं होती, पेंढ्यांचे ढीग होते आणि बघण्यासारखं काहीच नव्हतं, तरी गाव मागे पडेपर्यंत ती तिकडेच बघत होती. गेली बावीस वर्षं शहापूरहून मुरबाडला जाताना ती उजवीकडे आणि येताना डावीकडे बघत आली होती. बसमधून, रिक्षातून, एकदा तर नवऱ्याला अॅम्ब्युलन्समधून नेतानाही. हे आपण ठरवून करतो असं तिला कधी वाटलं नव्हतं. आज मात्र हाताने चुगली केली आणि मग मानेचंही लक्षात आलं.

नम्रता शेजारच्या बिल्डिंगमधली. बँकेत होती, वर्षभरापूर्वी गाडी घेतली होती आणि या जानेवारीत तिला मंडळाच्या रॅलीत उतरायचं होतं. शहापूर-मुरबाड हौशी मोटार मंडळाची रॅली म्हणजे पळवापळवी नव्हे, हे प्रमिलाने तिला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. शहापूरहून निघायचं, किन्हवली, सरळगाव, टोकावडे करत माळशेजच्या पायथ्यापर्यंत जायचं आणि मुरबाडला परत यायचं. प्रत्येक टप्प्याला वेग ठरवून दिलेला, ताशी बत्तीस, ताशी अडतीस असा. वाटेत कुठेतरी झाडाआड घड्याळ लावून माणूस बसलेला. त्याच्यापुढून ठरल्या सेकंदाला गेलात तर दंड शून्य. लवकर गेलात तरी दंड, उशिरा गेलात तरी दंड. गाडीत माणसं दोन हवीत, एक चालवणारा, एक हिशेब करणारा. ज्याचा दंड सगळ्यात कमी तो पहिला. "म्हणजे वेळेवर पोचायची स्पर्धा," नम्रता म्हणाली होती, आणि प्रमिलाला ते एकदम पटलं होतं. तिच्या नवऱ्यानेही पूर्वी असंच सांगितलं असतं. त्याला सगळे सर म्हणत, तीही म्हणत असे. सर शाळेत गणित शिकवत आणि मंडळाची वेगाची कोष्टकं आलेखाच्या कागदावर काढून देत. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. शिकायचीही नव्हती. गाडी कुठल्या सेकंदाला कुठे असायला हवी एवढं त्यांना घरात बसून कळत असे आणि तेवढ्यावर ते खूश असत.

आजची बैठक नियम अकरासाठी होती. प्रज्वलने आठवड्यापूर्वी ग्रुपवर लिहिलं होतं, 'नियम ११ रद्द करण्याबाबत. सर्वांनी यावे.' नव्या गाड्यांना वेग सांगून ठेवला की त्या तोच धरून चालतात, पुढे बैलगाडी आली तर आपण हळू होतात. काही नम्रताच्या गाडीसारख्या आपला आपण गिअर बदलतात. नियम अकरा जसाच्या तसा लावला तर यातली एकही गाडी पात्र ठरत नव्हती. नियम पाठ होता प्रमिलाला. वही न उघडता म्हणता आला असता: गाडी चालवण्याची प्रत्येक क्रिया चालकाने स्वतः, एकट्याने केली पाहिजे, तशी होत नसल्यास ती गाडी स्पर्धेस अपात्र धरली जाईल. अक्षर तिचंच होतं. पंचवीस वर्षं ती मंडळाची चिटणीस होती आणि त्या वहीत दुसऱ्या कुणाचं अक्षर नव्हतं.

मुरबाडला मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत चौदा माणसं जमली होती. अध्यक्ष मंगेशराव खुर्चीत होते. दाराशी बारकूशेठ बसले होते, सत्तरी ओलांडलेले. स्टँडमागे त्यांचं गॅरेज होतं आणि रॅलीच्या सकाळी गाड्या तपासायचं काम पहिल्या वर्षापासून त्यांचंच. बाकी बहुतेक तरुण. प्रज्वल उभा राहिला. तो कल्याणला वकिली करतो, बोलायची सवय आहे. त्याने मुद्दा नीट मांडला. दहा वर्षांनी हाताने गिअर टाकायची गाडी दुकानात मिळणार नाही, मग काय मंडळ बंद करायचं?

"मंग मानसानं काय करायचा गाडीत बसून?" मंगेशराव म्हणाले. "वेग गाडी धरनार, गिअर गाडी टाकनार. तू फक्त सेल्फी काढ."

"काका, रस्ता तर मीच बघणार ना. आणि तुमची जुनी जीप घेऊन तुम्ही या की, कोण नको म्हणतंय?"

"माझी जीप माझ्याबरोबर. पन दंड बघताना दोघं सारखेच का? तुझी गाडी काटा हलू देत नाय, माझा पाय थरथरतो."

हशा झाला. ऋतिक म्हणून एक मुलगा टोकावड्याहून आला होता, तो म्हणाला की मग दोन वर्ग करा. कुणी म्हणालं, दोन वर्ग केले तर दोन बक्षिसं, आणि एवढ्या गाड्या आहेत कुठे? बोलणं वाढत गेलं. प्रमिला लिहून घेत होती. लिहिताना तिला नेहमी बरं वाटे. माणसं ओरडतात आणि कागदावर आलं की सगळी एकाच उंचीची होतात. मग प्रज्वल तिच्याकडे वळला.

"मॅडम, तुम्ही लिहिलाय हा नियम. एक सांगा. 'स्वतः' म्हटलंय, मग पुन्हा 'एकट्याने' कशाला? स्वतः करायचं म्हणजे एकट्यानेच आलं. कायद्यात एकही शब्द फुकट नसतो. कुणीतरी दोघं मिळून गाडी चालवत होतं का तेव्हा?"

तो गमतीने म्हणाला होता. पोरं हसलीही. प्रमिलाने पेनाचं टोपण लावलं आणि परत काढलं.

होती तशी एक गाडी. पांढरी मारुती, शाम पष्टेची. शामचा डावा पाय लहानपणी पोलिओत गेलेला, गुडघ्याखाली नुसती काठी. शेणव्याला तो पंपाच्या मोटारी भरून द्यायचा, तांब्याच्या तारेचे वेढे घालायचा. गाडीचा क्लच त्याने पायाकडून काढून हाताशी आणला होता: सीटच्या डाव्या बाजूला एक लोखंडी दांडी, ओढली की क्लच दबायचा. पण उजवा हात स्टिअरिंगवर, डावा त्या दांडीवर. मग गिअर टाकायला तिसरा हात कुठून आणायचा? तो शेजारच्याचा. शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं. लंगड्या माणसाच्या गाडीत घाट कोण उतरणार? तेव्हा सरच म्हणाले होते, "आमची ही बसेल. हिचं तोंडी गणित चांगलं आहे." भर बैठकीत म्हणाले, तिला न विचारता, तिचं कौतुक म्हणून. प्रमिला चौतीस वर्षांची होती. मांडीवर सरांचं कोष्टक, डाव्या हातात घड्याळ, आणि उजवा हात गिअरवर. पहिल्या वर्षी शाम दर वेळी सांगायचा, "हां वहिनी, दुसरा." दुसऱ्या वर्षी नुसतं "हां." तिसऱ्या वर्षी तो काहीच म्हणत नव्हता. दांडी ओढली की क्लचची तार करकरायची आणि त्याच क्षणी तिचा हात गिअर पुढे ढकलायचा. दोन माणसांच्या तीन हातांनी मिळून एक गाडी वळणं घेत होती आणि कुणाचा कुठला हात हे विचारायची गरज उरली नव्हती. घरी तिला असं कधी झालं नव्हतं. घरी सगळं सांगावं लागे, मीठ हवं, छत्री न्या, मुलाची फी भरायची आहे. सर ऐकतही असत, नीट, शेवटच्या शब्दापर्यंत. पण सांगावं लागे.

त्या तिसऱ्या वर्षी त्यांना चारही ठिकाणी दंड शून्य पडला. शेवटच्या रेषेवर गाडी थांबली, शामने इंजिन बंद केलं. त्याचा हात दांडीवर होता, तिचा गिअरवर, मध्ये चार बोटांचं अंतर. गाडी थांबली होती तरी दोघांनीही हात काढले नाहीत. किती वेळ, हे तिला घड्याळ हातात असून सांगता आलं नसतं. मग काचेवर टकटक झाली. सर उभे होते, चेहरा उजळलेला. "शून्य!" ते म्हणाले. "असं कुणाला जमलं नव्हतं." बसने घरी जाताना ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, आणि खिडकीशी बसलेल्या प्रमिलाला वाटत होतं की या माणसाने आता दुसरं काहीतरी म्हणावं. रागावावं. त्यांनी तिच्या हातात कोष्टकाची गुंडाळी दिली आणि म्हणाले, "जपून ठेव."

दोन महिन्यांनी नियमांची बैठक झाली. अकरावा नियम तिने सुचवला. घाटात दोघांनी मिळून गाडी चालवणं धोक्याचं आहे, ती म्हणाली. सुरक्षेचा प्रश्न आहे. शाम आला नव्हता. कुणी हरकत घेतली नाही. दोन वर्षं मागे पडलेले काही जण तर खूश झाले. ती लिहीत असताना सर खांद्यावरून वाकून बघत होते. "'स्वतः'मध्ये आलं की ते," ते हळूच म्हणाले. "'एकट्याने' हवं का?"

"हवं," ती म्हणाली होती.

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्यांना त्या वेळी काय कळलं, काही कळलं की नुसता एक जास्तीचा शब्द खटकला, हे तिला पुढच्या अठरा वर्षांत विचारता आलं नाही. आणि आता ते जाऊन चार वर्षं झाली होती.

"सुरक्षेसाठी," प्रमिला म्हणाली. प्रज्वल वाट बघत होता. "तेव्हा गाड्या तशा नव्हत्या. सुरक्षेसाठी केला होता."

"ओके. म्हणजे जोर द्यायला म्हणून दोनदा."

"हो."

तासाभराने तोडगा निघाला. वेग आपला आपण धरणाऱ्या गाड्यांना वेगळा वर्ग. नुसत्या ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्या नेहमीच्या वर्गात चालतील. नम्रताने खालच्या खाली मूठ आवळली. आणि नियम अकरातला 'एकट्याने' हा शब्द गाळायचा, कारण त्याला वेगळा अर्थ नाही. या शेवटच्या मुद्द्यावर मतदानसुद्धा झालं नाही. मंगेशराव म्हणाले, "खोडा," आणि प्रमिलाने वही उघडून त्या शब्दावर रेघ मारली. कागद जुना होता. शाई पसरली.

जेवणाला पुरीभाजी होती. बारकूशेठ पत्रावळ घेऊन तिच्या शेजारी येऊन टेकले. दोन पुऱ्या संपवल्या. मग म्हणाले, "तुमी सांगितला नाय त्या पोराला. शामची गाडी."

"कशाला उगाच," प्रमिला म्हणाली.

"नाय, बरोबर केला. पोरांना काय करायचंय." त्यांनी पुरी मोडली. "पन येक सांगतो बाई, आज सांगतो. त्या गाडीला तिसरा हात लागतच नव्हता. मोटारसायकलची क्लचची मूठ असते ना, ती गिअरच्या दांड्यावर बसवायची. त्याच हातानं क्लच दाबायचा, त्याच हातानं गिअर टाकायचा. अर्ध्या दिवसाचा काम. मी त्याला दोनदा बोललो. येकदा पहिल्या वर्षी, येकदा दुसऱ्या. दोन्ही टायमाला बोलला, नको बारकूशेठ, चाललंय ते बरं हाय."

प्रमिलाने हातातला घास परत पत्रावळीवर ठेवला.

"आनि नियम झाला, तर आठ दिवसात गाडी घेऊन दारात. बसव बोलला मूठ. बसवली. चालवून दाखवली त्यानं मला स्टँडपर्यंत, येकटा. गाडी एकदम पास होती."

"मग उतरले का नाहीत ते?"

"ते त्याला विचारा तुमी," बारकूशेठ म्हणाले आणि हात धुवायला उठले.

परत येताना नम्रता खुशीत होती, जानेवारीचे बेत सांगत होती, हिशेबाला तुम्हीच बसा काकू म्हणत होती. प्रमिला हो हो म्हणत होती. तिला ऐकू येत होतं ते एवढंच की दोनदा नको म्हणाला. म्हणजे त्या तीन वर्षांत तिथे तिची गरज नव्हती, आणि तरी तिला तिथे ठेवलं होतं. आणि ती समजत होती की जे काही होतं ते तिच्या एकटीच्या बाजूला होतं, म्हणून तिने ते एकटीनेच मिटवलं. उन्हं कलायला लागली होती. किन्हवली गेलं. शेणव्याची घरं उजव्या हाताला दिसायला लागली तशी ती म्हणाली, "जरा थांबव गं. पाच मिनिटं."

घर शोधावं लागलं नाही. रस्त्यालाच होतं, पुढे पत्र्याची शेड, तिच्यात पंपाच्या मोटारी उघड्या पडलेल्या. ओट्यावर एक बाई तांदूळ पाखडत होती. शेडमध्ये स्टुलावर शाम बसला होता, केस पांढरे, कुबडी भिंतीला टेकलेली, मांडीवर तारेचं रीळ. त्याने वर पाहिलं आणि हातातली तार हळूहळू खाली ठेवली.

"वहिनी," तो म्हणाला. मग बायकोला हाक मारली, "सरू, च्या टाक गो. विशे सरांच्या मिसेस आल्यात."

सरूने सूप बाजूला ठेवून हसून "बसा ना ताई" म्हटलं आणि ती आत गेली. प्रमिला दुसऱ्या स्टुलावर बसली. नातवंडं शाळेत आहेत, मुलगा भिवंडीला गोदामात आहे, असं शामने सांगितलं. तिने मुलगा पुण्याला असतो म्हणून सांगितलं. मग सांगायचं संपलं.

"आज बैठक होती," ती म्हणाली. "नियम अकरा बदलला. 'एकट्याने' काढून टाकलं."

शाम हसला. "आता? गाडी भंगारात जाऊन पंधरा वर्षं झाली."

"बारकूशेठ म्हणाले, तुम्ही मूठ बसवून घेतली होती. मग उतरला का नाहीत?"

आत स्टोव्हचा आवाज यायला लागला. "तुमच्यावर माझा राग नव्हता वहिनी," तो म्हणाला. "कधीच नव्हता. वहीत अक्षर तुमचं होतं, पन ते कुनी लिहायला लावलं ते मला तवाच कळलं. तुमचं काय चालनार होतं? आनि सरांचंही बरोबरच असंल त्यांच्या जागी. पन तोंडावर येक सांगायचं होतं मला. शाम, माझी बायको तुझ्या गाडीत नको. मी ऐकलं असतं. त्यानी नियम केला. सुरक्षा! मग त्यांच्या टेबलावर जाऊन मी नाव कशाला देऊ?" त्याने रीळ उचललं, परत ठेवलं. "येकदा शहापूरच्या स्टँडवर दिसले मला. त्यानी हाक मारली. दोनदा मारली. मी बघितलं नाय. त्यांच्या दहाव्यालाही आलो नाय मी."

ही हाक प्रमिलाला ठाऊक नव्हती. सर कधीतरी बाजारातून घरी आले असतील, पिशवी ठेवली असेल, शाम दिसला होता, मी हाक मारली, तो थांबला नाही, असं सांगायला तोंड उघडलं असेल आणि मिटलं असेल. ती कोणती संध्याकाळ, हे आता कधीच कळणार नव्हतं. समोर शाम बसला होता आणि त्याच्या डोळ्यांत तिच्याविषयी काही वाईट नव्हतं. बावीस वर्षं या शेडमध्ये ती एक बिचारी बाई म्हणून चांगली राहिली होती. नुसती मान हलवायची होती. काही बोलायचीही गरज नव्हती. सरांना आता त्याचं काही नव्हतं.

"त्यांनी नाही लिहायला लावलं," प्रमिला म्हणाली. "मी लिहिला. सुचवलाही मीच. ते तर म्हणत होते, 'एकट्याने' हा शब्द नको."

शाम तिच्याकडे बघत राहिला.

"का?"

"भीती वाटली."

"सरांची?"

"नाही," ती म्हणाली.

एवढं बोलल्यावर तिला वाटलं की आता तो काहीतरी म्हणेल, दोनदा नको म्हटलं त्याबद्दल, चार बोटांबद्दल, काहीही. तिने आयुष्यात याहून जास्त कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण शाम तिच्याकडे बघत नव्हता. तो रस्त्याकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता.

"दोनदा हाक मारली हो त्यानी," तो म्हणाला. "स्टँडवर सगळी मानसं बघत होती. म्हातारा मानूस, हात वर करून. आनि मी ओ दिली नाय."

सरू कपबश्या घेऊन बाहेर आली. "साखर बेतानंच घातलीय ताई," ती म्हणाली. प्रमिलाने हात पुढे केला.

"त्यांना उशीर होतोय," शाम म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "गाडी थांबलीय त्यांची."

सरूने नवऱ्याकडे पाहिलं, मग प्रमिलाकडे. कपबशी तिच्या हातात तशीच राहिली. प्रमिला उठली, सरूच्या दंडाला हलकेच हात लावला, "पुन्हा कधी," म्हणाली, आणि शेडमधून बाहेर आली. मागे कुबडी उचलल्याचा आवाज झाला नाही.

नम्रता फोनवर बोलत होती. तिला बघून फोन ठेवला, गाडी सुरू केली. अर्धा किलोमीटर गेल्यावर तिने विचारलं, "कोण होते काकू?"

"आपल्या मंडळात होते पूर्वी. त्यांची गाडी बाद केली होती."

"कुणी?"

"मी," प्रमिला म्हणाली.

नम्रताने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, काही विचारावं असं तिच्या मनात आलं असावं. पण समोरून एसटी येत होती, तिला बाजू द्यायची होती, आणि एसटी निघून गेल्यावर ते राहून गेलं.